वेलावर वाळलेलं गिलकं

(शहादा. गच्चीच्या जिन्याखाली प्यारीबाई बसल्यात, मांडीवर ज्वारीचा डबा. समोर सुरतेहून रिपोर्ट घेऊन आलेली नात आयुषी. गिलकी, म्हणजे घोसाळी, द्यायला आलेली जुनी मैत्रीण सिंधुबाई उंबऱ्यात टेकलीय.)

प्यारीबाई : डॉक्टर म्हणाला, कबुतरं सोडा. मी कधी बांधली होती? मोकळीच आहेत बिचारी.

आयुषी : दादी, सोडा म्हणजे त्यांना दाणे टाकणं सोडा. त्यांच्या विष्ठेची, पिसांची धूळ श्वासातून आत जाते. त्यानं तुझ्या फुफ्फुसात व्रण पडलेत.

सिंधुबाई : टीबी तं नही ना, पोरी? ही चार दिनपाशीन आपला पेला न्यारा ठेवस.

आयुषी : टीबी नाही. हे कुणाला लागत नाही. सिंधूआजी, ते गिलकं द्या बरं. हे कोवळं, दाबलं की पुन्हा फुगतं. फुफ्फुस असंच असतं. आणि वेलावर वाळून जाळी झालेलं?

सिंधुबाई : त्यानी मी भांडा घासस.

आयुषी : दादीच्या फुफ्फुसाचा खालचा भाग तसा झालाय.

प्यारीबाई : चला, घासणी घरातच झाली.

आयुषी : हसू नको गं. वाळलेलं परत कोवळं होत नाही. उरलेलं जपायचं. औषध आहे, पण आधी धूळ थांबायला हवी.

प्यारीबाई : तुझे दादाजी गेले तेव्हापासूनचा नेम आहे माझा. बावीस वर्षं. एक सकाळ चुकली नाही.

सिंधुबाई : डबा माले दे. मन्हा खळाम्हा मी टाकसू रोज.

प्यारीबाई : माझा हात ओळखतात ती.

सिंधुबाई : कबुतर दाना ओळखस, बाई. हात नही.

आयुषी : दादी, वैशाखात लग्न लागल्यावर मला सुरतेला सासरी पाठवताना ओवी तूच म्हणणार ना? आत्ता म्हण. एका दमात.

प्यारीबाई : त्यात काय मोठं. तापीच्या काठी, पोरी, तुझं नांदणं… दारी… दारी…

आयुषी : पाणी घे.

सिंधुबाई : दारी पिंपय, आंगनम्हा चांदनं. अर्धी मी म्हनसू. पन तुन्ही अर्धी तरी ऱ्हाऊ दे.

प्यारीबाई : मागच्या वैशाखात अख्खी म्हटली होती गं मी.

सिंधुबाई : माले ठाऊक शे.

प्यारीबाई : …घे हा डबा. मूठभर नाही, ओंजळभर टाकायचे. आणि कबुतरांनी विचारलंच, तर सांग, प्यारी खाली बसून ओवी घोकतेय.