तिवरांतलं जाळं

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मढच्या बस थांब्यावर माझ्यापुढे दोघं उभी होती. एक कॉलेजातली मुलगी, आणि तिला सोडायला आलेला एक म्हातारा कोळी. दोघांच्याही पायांवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळला होता.

“चंदूकाका, सगळ्यांनी तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि तुम्ही तोंड फिरवून उभे राहिलात.”

“टाळ्या कशाला, हेमांगी?”

“कशाला म्हणजे? आम्ही खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीतलं प्लास्टिक उचलायला आलेली पोरं. जाळ्यात अडकलेला कोल्हा बघून आम्ही लांबूनच ओरडत राहिलो. तुम्ही त्याच्या तोंडावर गोणपाट टाकलंत, जाळं कापलंत. लंगडत का होईना, पळाला ना तो!”

“जाळं माझं होतं.”

“असं कसं? इथं सगळ्यांचीच जाळी असतात.”

“निळं जाळं पांढऱ्या दोऱ्यानं सांधलं होतं, दुहेरी गाठ मारून. तशी गाठ आमची मंजुळा मारायची. बायको माझी. ती गेली त्या वर्षी ते परत फाटलं. आता कोण सांधणार, म्हणून मी खाडीतच टाकून आलो.”

“काका, असं काही होईल हे तुम्हाला काय माहीत?”

“माहीत होतं गं. लहानपणापासून बघतोय.”

“बस आली, काका.”

“तू चढ. ओहोटी आहे तोवर मी परत आत जातो. अर्धं जाळं अजून मुळांत अडकलंय.”

“थांबा, मी पण येते.”

“नको, पोरी. तेवढं मलाच काढू दे.”