तक्रार निरंक

नाही नाही, ते शाल जरा बाजूले ठेवा हो, मले गरम होऊन राहिलं... दसऱ्यानंतरचं अमरावतीचं ऊन, सभागृहातले पंखे वरून नुसते पाहून राहिले, अन् त्यात हे शाल! नारळ राहू द्या हातात, नारळाचं काही म्हननं नाही. तर तुमाले सांगतो, मी वामन मास्तर, मूर्तिजापूरच्या अलीकडचं आमचं गाव, रिटायर होऊन नऊ वर्षं झाले, अन् पानीयोजनेच्या तक्रार निवारण समितीचं अध्यक्षपद मी काही मागतलं नव्हतं! ग्रामसभेत लोक म्हनले, "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे." झालं! अक्षर चांगलं म्हनून अध्यक्ष! अन् आज पंधरा गावायच्या अध्यक्षायपुढं मले उभं केलं, कावून? तर आमच्या गावातून तेरा महिन्यात एक तक्रार गेली नाही. आदर्श समिती! आता सांगा म्हनतात, हे तुमाले जमलं कसं... सांगतो ना. खिशात एक चिठ्ठी आहे, ते वाचावी का नाही हेच सकाळपासून समजून नाही राहिलं. पन आधी बाकीचं ऐका.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात. तिथचं पानी तोंडात धरून पाहा एकदा... डाळ शिजत नाही त्यात, साबनाले फेस येत नाही, मानसाची किडनी मात्र बरोबर शिजते! आमची घरवाली, रुख्मिणी, चाळीस वर्षं तेच पेली. आता राजापेठेतला डॉक्टर तिचे कागद पाहून म्हनते, "गुरुजी, गोडं पाणी पाजा, नाहीतर मशीनवर घ्यावं लागेल." म्हनून पाइपलाइन येनार म्हटल्यावर गावात सगळ्यात जास्त कोन नाचलं असन, तर मी.

मंग आल्या योजनेच्या हापिसातून आकांक्षा मॅडम. पर्यावरन अन् समाज, दोन्ही त्यायच्याकडंच. पोरगी चांगली हो, खोटं कायले बोलू, माया पाया पडली. तिनं एक तक्ता उलगडला... "काका, ही जोखीम, ही शक्यता, हा परिणाम, आणि हा उपाय." पयली जोखीम, धूळ. शक्यता, जास्त. उपाय, दररोज पानी मारने! मी म्हटलं, "मॅडम, पानी नाही म्हनून तं तुमी आल्या!" तर म्हनते, "काका, तक्त्यात आहे ना." आला मंग टँकर रोज सकाळी. गोडं पानी! धुळीले! अन् बाया घागरी-गुंड घेऊन त्याच्या मांगं पळून राहिल्या, अन् ड्रायव्हर वरून बोंबलून राहिला, "ओ बाई, सरका, हे प्यायचं नोहे, धुळीचं आहे!" महिना संपला, मॅडमनं विचारलं, "काही तक्रार, काका?" आता त्यायच्या हातात आमच्या घरचे पोहे, समोर चहा... दारी आलेल्या पाहुन्याच्या तोंडावर तक्रार करते का कोनी? लिहिलं रजिस्टरात, वळणदार अक्षरात: तक्रार निरंक.

मंग आली पेटी. लोखंडाची, कुलूपवाली, "तक्रार पेटी" लिहिलेली. लावली कुठं? मारुतीच्या देवळाच्या भिंतीले, कावून तर सगळं गाव तिथं येते. दुसऱ्या दिवशी पायतो तर पेटीले शेंदूर! शनिवारी रुईची माळ! अन् लोकायनं चिठ्ठ्या टाकनं सुरू केलं... "पोरीचं जमू दे." "कपाशीले भाव येऊ दे." किल्ली मायापाशी. पयल्या महिन्यात उघडली, एक चिठ्ठी वाचली, अन् मायंच मले कसंतरी झालं. कोन्या बाईनं नवऱ्याच्या दारूचं लिहिलं होतं, मारुतीले. ते मी वाचावं? देवाच्या नावानं टाकलेलं मानसानं वाचू नाही, बाप्पा! लावलं कुलूप, किल्ली ठेवली देवघरात हळदीकुंकवाच्या डबीखाली. पुन्हा उघडली नाही. अन् दर महिन्याले... काय? बरोबर. निरंक!

पुढची जोखीम, पाइपसाठी खोदलेल्या नालीत पडने. शक्यता, कमी. परिणाम, गंभीर. उपाय, लाल-पांढरी पट्टी. पुरुषभर खोल नाली, गावाच्या मधातून, दोन्ही बाजूनं पट्टी बांधली. बांधली अन् चार दिवसात आला पोळा! आता तुमी सगळे वऱ्हाडातले, तुमाले मी काय सांगू... पट्टी गेली शिंगाले. तोरनाखाली जिकडे पाहा तिकडे बैल लाल-पांढरे! खोटं कायले बोलू, माया जोडीलेही होती. मीच कापली, कैचीनं, सरळ.

आता मैनाचं सांगतो.

मैना म्हनजे आमच्या शेजारच्या श्यामची बायको. प्रौढ शिक्षनाच्या वर्गात मीच तिले अक्षरं शिकवली होती. रुख्मिणीची जिवाची. रुख्मिणीच्यानं पळनं होत नाही, तर मैना रोज टँकरमांगं पळे अन् धुळीच्या पान्यातला एक गुंड रुख्मिणीले आनून दे. रोज! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कुंपनावरून मले म्हनली, "गुरुजी, दारापुढची नाली बुजवाले सांगा ना, पाय घसरून राहिला." अन् मी काय म्हटलं असन? अध्यक्ष ना मी! मी म्हटलं, "मैनाबाई, तोंडी चालत नाही. नियम आहे. लेखी दे. पेटीत टाक."

मंग तीन दिवस पाऊस. नाली तुडुंब, रस्ता कुठं संपते अन् नाली कुठं लागते समजेच ना, सगळं काळं पानी. अन् त्या पावसात, तुमाले सांगतो, टँकर आला! धूळ मारायले! पावसात! कावून? तक्त्यात दररोज लिहिलं होतं! हॉर्न वाजला, अन् मैना निघाली पळत... लोक धावले तवा गुंड तरंगून राहिला होता. मैना नाही.

आकांक्षा मॅडम ढसाढसा रडल्या, पोरीवानी. म्हनल्या, "काका, पेटी उघडा." देवघरातून किल्ली आनली, कुलूप काढलं. शेंदूर लावलेल्या पेटीत वरच होती चिठ्ठी. अक्षर मी ओळखलं.

मॅडमचे मोठे सायेब गाडी घेऊन आले. बसले मायाजवळ, हळू बोलले, "गुरुजी, ही चिठ्ठी नोंदवली तर चौकशी लागते, काम थांबते, पाणी पुढच्या उन्हाळ्यात. नाही नोंदवलं तर दिवाळीला नळ. तुमच्याही घरी पेशंट आहे ना?" मी श्यामकडे गेलो. आंगनात बसला होता, तोच गुंड घासून राहिला होता. चिठ्ठी पायली त्यानं, वापस दिली. म्हनला, "फाडा मास्तर. मैना का वापस येते? वहिनीले पानी पाजा." मी फाडली नाही. पन रजिस्टरात लिहिलं... निरंक. रुख्मिणीले चिठ्ठीचं सांगतलं नाही. ते अजून टँकरचा हॉर्न ऐकला का दाराकडं पायते.

अन् आज शाल! त्या निरंकाची!

आता सायेब, तुमी समोरून हात हलवून राहिले, वेळ संपला, जेवन तयार आहे, समजलं मले. दोन ओळी आहेत, वाचतोच. "गुरुजी, तुमी म्हनले लेखी दे म्हनून लिहिते. नाली बुजवा, रुख्मिणीबाईचं पानी सांडते. मैना." ...बस. इतलंच. स्वतःचा पाय नाही लिहिला तिनं, पानी सांडते लिहिलं.

मले शिव्या देनारा एकही नाही का इथं? वाचलं तर पानी अडते अन् नाही वाचलं तर घास अडते, मी आता करू तरी काय? सायेब, आता असं नका म्हनू की तोंडी चालत नाही. लेखीच आहे. हे घ्या. आना ते रजिस्टर इकडं, या महिन्याचा रकाना अजून कोरा आहे, अन् दिवाळी दहा दिवसांवर आली... काय लिहू? सांगा तुमीच. अक्षर मायं चांगलं आहे.