मान वर-खाली

प्लॉवदिवच्या औषधांच्या दुकानात रांग लांब असली की शेजारच्या घरची बातमी फुकट मिळते. माझ्यापुढे रायना होती आणि तिची शेजारीण झ्लाटका.

“नवरा दवाखान्यातून घरी आला, तरी तोंड का गं उतरलेलं?” झ्लाटकानं विचारलं.

“हात गेले, वाचा गेली. उशाशी यंत्र ठेवलंय. ‘बरं आहे ना?’ विचारतं. त्यानं मानेनं ‘नाही’ म्हटलं तर मला फोन करतं.”

“मग?”

“परवा ते अपडेट झालं. आता मान वर-खाली केली की ‘हो’ समजतं.”

“अगं, आपल्या देशात मान वर-खाली म्हणजे ‘नाही’!”

“पूर्वी बदलून ठेवता यायचं. ती सोयच काढून टाकली.”

“मग त्यालाच उलटं शिकव. नवरे शिकतात गं, वेळ लागतो.”

“शिकला. पण काल जीव घुसमटला, आणि जन्माची सवय आडवी आली, मान वर-खाली झाली. यंत्र म्हणालं, ‘छान!’ मी घरात होते म्हणून वाचला.”

“आणि आत्ता कोण आहे जवळ?”

“यंत्रच.”