दुसऱ्या भागातला फोन

नायजेरियातल्या कानो शहरातल्या दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. एकीच्या हातात कादंबरी होती आणि ती त्या कादंबरीनेच वारा घेत होती.

"कसली मस्त आहे गं, तलातू. दोघं गुप्त पोलीस नवराबायकोचं सोंग करतात आणि खरंच प्रेमात पडतात."

"त्याची खरी बायको घरी आहे ना. तिला अख्ख्या पुस्तकात एक पान."

"तिचं काय लिहिणार? ती नुसती वाट बघते."

"म्हणून मी लेखिकेला फोन केला. नंबर असतोच की मागे छापलेला."

"अगं बाई. काय सांगितलंस?"

"म्हटलं, दुसऱ्या भागात त्याला एकदा घरी फोन करू दे."

"मग?"

"म्हणाली, फोन केला तर तो पकडला जाईल. आमच्या ह्यांचे साहेबही हेच सांगतात."

"इसियाकूभाऊंना गुप्त कामगिरीवर जाऊन किती झालं?"

"येत्या रमजानला दोन वर्षं होतील."

"म्हणजे लेखिका नाहीच म्हणाली."

"नाही, शेवटी कबूल झाली. फक्त विचारलं, फोनवर ती बायको बोलेल काय?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, विचार करून उद्या कळवते. त्याला आज अकरा दिवस झाले."