ड्राइव्हवेतली बोट

मी भंडाऱ्याकडची, पोरी. आमच्या तिकडं तलावच तलाव, घराच्या मागंच एक मोठा होता, पन मले कोनी डोंग्यात बसू नाई देल्लं. पोरीच्या जातीनं काठावर राहाचं म्हने. मी काठावर उभी राहून पाय आपटाची. माय म्हनाची, हिच्या पायाले भिंगरी हाये, ही एका जागी बसन तर शपथ. ते खरंच हाये, आता तू आली तेव्हापासून मी किती वेळा उठली बघ. बाबा मास्तर होते, शिकवलं आमाले, पन बसाले नाई शिकवलं.

लग्न झालं अन् ओहायोत आली. हे मशीनच्या फॅक्टरीत इंजिनिअर, मी शाळेच्या किचनमधी, लेकरायले जेवन वाढते. अन् जोडी अशी का मी जेवून भांडे घासून मोकळी होते तेव्हा यायचं वरन-भात कालवनं चालू राह्यते. मी गाडी पळवते, मले तिकिटं भेटते, हे मागून लोक हॉर्न वाजवते तरी आपले आरामात. काय सांगू तुले, किती डोकं फिराचं माझं.

पोरगी कॉलेजले गेली अन् यायनं सेकंडहँड बोट आनली. मले विचारलं बी नाई. मी म्हनलं, आता मले समोर बसवून कुठं नेता? तर म्हने, लेकवर, इकडच्या मोठ्या तलावावर, ट्रोलिंगले. ट्रोलिंग म्हंजे का, तर बोट थांबवाची बी नाई अन् पळवाची बी नाई, म्हाताऱ्या मानसाच्या चालीनं चालवाची. मागं दोऱ्या सोडाच्या, टोकाले खोटा मासा, दोऱ्या गुतू नये म्हनून दोन्हीकडं लांबवर लाल फळ्या तरंगते, त्यायले दोऱ्या अडकवाच्या, अन् बसाचं. फळी मागं ओढल्या गेली का समजाचं मासा लागला. वॉलआय म्हनते त्याले, पांढरे काचेचे डोळे, काटे कमी, आपल्या मसाल्यात चांगला लागते. पन बाप्पा, ते बसनं! मी दर घडीले इचारो, झालं का, निघाचं का, अन् हे म्हने, पाच मिनिटं. यायचे पाच मिनिटं म्हंजे दुपार होते.

मंग यायचा उजवा हात थरथरू लागला. आधी मले वाटलं अशक्तपना हाये, बदाम खाऊ घातले. डॉक्टर म्हने पार्किन्सन. पोरगी तिकडं दूर शुगर लँडले राह्यते, तिनं फोनवर सांगतलं, पापा, नो मोअर बोट, प्लीज. हे म्हने, ओके बेटा. अन् इकडं बर्फ गेला, एप्रिल लागला, तर तो ओके बेटा म्हननारा मानूस उठल्याबरोबर खिडकीत जाऊन वारा बघते. मले ते पाहवेना. मी म्हनलं, हे बघा, एक डाव जाऊ, शेवटचं, बोट मी चालवन, अन् आल्यावर विकून टाकू. म्हने, हौ.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी गेलो. दुसऱ्या दिवशी हॉलमधी कार्यक्रम, सगळ्यायची भाजी माझ्याकडं, कांदे चिराचे होते, माझा जीव तिकडं. दोऱ्याच्या गाठी मीच बांधल्या, यायच्या हातानं होत नव्हत्या, हे बाजूले बसून सांगे, अशी नाई, अशी. दुपारपर्यंत एक मासा नाई. मंग वारा उठला, लाटा वाढल्या, मी म्हनलं चला आता. हे म्हने, पाच मिनिटं.

अन् तेवढ्यात फळी मागं गेली.

यायनं गळाचा रॉड उचलला. हात असा थरथरून राह्यला का मासा ओढते का हात हालते हेच समजेना. मी म्हनलं, मले द्या. म्हने, नाई. एवढ्या वर्षांत यायनं मले असं तोंडावर नाई म्हनलं नव्हतं पोरी. मासा जवळ आला, मोठा होता, आता जाळीत कोन घेनार? मी स्टिअरिंग सोडलं तर बोट आडवी होते अन् लाट आत येते. हे एका हातानं रॉड धरून दुसऱ्या हातानं जाळी घेऊन वाकले, एप्रिलचं पानी बर्फासारखं, त्यात मानूस पडला तर लाइफ जॅकेट बी का करन? मी स्टिअरिंग सोडलं, एका हातानं यायचं जॅकेट मागून धरलं, दुसऱ्या हातानं जाळी हिसकली अन् घातली खाली. लाट आली, दोघंबी नखशिखान्त भिजलो, सगळ्या दोऱ्यायचा गुंता झाला. पन मासा जाळीत.

मी धावली, स्टिअरिंग धरलं, बोटीचं तोंड लाटेकडं केलं, अन् मंग जे बोलली यायले! मेले असते तुमी, मी पोरीले कोनतं तोंड दाखवलं असतं, अक्कल हाये का नाई. रडत होती अन् बोलत होती. हे खाली बसले होते, मासा मांडीवर, हातासंगं मासाबी हालून राह्यला होता. हसले अन् म्हने, झालं वं. आता विकून टाक.

मले वाटलं होतं हे ऐकून बरं वाटन, मीच तर मागं लागली होती. नाई वाटलं. खरं सांगते, यायच्या त्या झालं म्हनन्याची मले भीती वाटली. मले हा मानूस पाच मिनिटं म्हननाराच पाह्यजे.

मासा जयंतीच्या जेवनाआधी घरीच तळून खाल्ला. पोरीले सांगतलं, तिनं रागावून लगेच बोटीची जाहिरात टाकली. लोक येते बघाले. आज सकाळीच एक आला होता, चांगला मानूस होता, ड्राइव्हवेत बोट ज्या ट्रेलरवर उभी हाये त्याचे टायर बघितले, आत चढून बघितलं, बोट त्याले पसंत पडली. मंग मले इचारे, मोटर कशी हाये?

मी म्हनलं, मोटरचं काही खरं नाई. मधेच बंद पडते.

तो गेला. हे दारात उभे होते, सगळं ऐकलं. म्हने, अवं, मोटर तर चांगली हाये.

मी म्हनलं, चूप बसा तुमी, मोटरमधलं तुमाले का समजते. अन् हे आत गेले. हसत होते पन.