सकाळी नऊची शुभरात्री

मी मूळची मिरजेची, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आम्ही तिघी बहिणी आणि तिघींत मीच फटकळ, आई म्हणायची हिला द्यायची तर लांबच द्यावी लागेल, तर काय सांगू तुम्हाला, थेट जपानलाच येऊन पडले. सासर कऱ्हाडचं, नवरा मंदार, कॉम्प्युटरवाला, त्याचं ऑफिस कावासाकीला आणि आम्ही राहतो इथे हिगाशी-कसाईला, म्हणजे तो रोज ट्रेनने सगळं टोकियो ओलांडून जातो आणि ओलांडून येतो. मी स्टेशनजवळच्या लाँड्रीच्या काउंटरवर बाइतो करते, बाइतो म्हणजे अर्धवेळ नोकरी, आता अर्धवेळ नावालाच. तुम्ही विचारलंत ना, की या घरात इंग्लंडचा रेडिओ का चालू असतो, तर ते बाबांपासून सांगावं लागेल, बाबा म्हणजे माझे सासरे.

तो मोठा भूकंप झाला तेव्हा आमची सई पाळण्यातली होती. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी इंडियन घरं रिकामी झाली, आम्हीही गेलो आणि परत आलो, मंदारची नोकरी इथे, करणार काय. नंतर वर्षभरात सासूबाई गेल्या, बाबा कऱ्हाडच्या घरात एकटे, म्हणून त्यांना इकडे आणलं. आयुष्यभर हायस्कूलात इंग्रजी शिकवलेला माणूस, इथे त्यांच्या इंग्रजीला कोणी विचारेना आणि जपानी त्यांना कळेना. टीव्ही लावला की दहा मिनिटांत बंद करायचे. मी सकाळीच घराबाहेर, सई पाळणाघरात, बोलणार कोणाशी? मग मंदारने त्यांना टॅबलेटवर ब्रिटनचं एक रेडिओ स्टेशन लावून दिलं, गाणी नाहीत काही नाहीत, दिवसभर नुसती माणसं बोलतायत. बाबा म्हणाले, हे झकास, इंग्रजी ऐकावं तर यांच्याच तोंडून.

आणि अहो, दिवसभर म्हणजे केवढं काय काय. सकाळी शेतीच्या बातम्या, मेंढ्यांना कसला रोग आलाय, बटाट्याला भाव नाही. मग ते मंत्र्यांना धारेवर धरायचं, बाबांना ते फार आवडे, म्हणायचे बघ वैशाली, कसा कान पिळतोय. मग बायकांच्या गोष्टी, मग दुपारी नाटक, मग कोणाच्या गुलाबाला मावा लागलाय ते विचारणार आणि तिथले म्हातारे सांगणार, आणि बाबा इथे बसून सांगणार, राख टाक म्हणावं, राख. रात्री कोणीतरी पुस्तक वाचून दाखवायचं आणि सगळ्यात शेवटी समुद्राचं हवामान, कुठल्या समुद्रात किती वारा, हळू हळू, प्रार्थना म्हटल्यासारखं. मग निवेदक शुभरात्री म्हणणार आणि त्यांचा दिवस संपणार.

पण त्यांची सकाळ ती आपली दुपार, हे आलं का लक्षात? त्यांचा दिवस संपतो तेव्हा इथे सकाळचे नऊ-साडेनऊ. पहिले काही महिने ठीक चाललं होतं, मग बाबांचं सगळंच सरकायला लागलं. मी सईला घेऊन घरी यावं तर हे नुकतेच आंघोळ करून देवपूजेला बसलेले, संध्याकाळी पाच वाजता, गंध उगाळतायत. आम्ही जेवायला बसलो की म्हणायचे मला थोडंच वाढ, दुपारचं जड नको. मनगटावरचं चावीचं घड्याळसुद्धा त्यांनी रेडिओवर लावून घेतलं होतं, आणि वर्षातून दोनदा तिकडची घड्याळं पुढेमागे करतात तर आमच्याकडे देवपूजा तासाने सरकायची. आणि सकाळी नऊला मी कामाला निघाले की अंथरुणातून म्हणायचे, शुभरात्री. मी पण चपला घालता घालता म्हणायची, शुभरात्री बाबा. आधी गंमत वाटायची, पुढे पुढे मी दोनदा गॅस बघून निघायला लागले.

मग खालच्या मजल्यावरच्या सातो-सान एक दिवस कचऱ्याच्या जागी मला थांबवून, अगदी वाकून, विचारायला लागल्या, तुमचे आजोबा बरे आहेत ना? बाबा भल्या पहाटे कचरा ठेवायला खाली यायचे, जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, त्यात कधी चूक नाही, पण ह्या ओहायो, म्हणजे सुप्रभात, म्हणाल्या की बाबा हात जोडून म्हणायचे गुड नाइट. मी ते मंदारला सांगितलं आणि मंदार त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही गेले होते. दुपारचे साडेतीन झाले असतील. डॉक्टरांनी महिना विचारला, बरोबर. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले, बाबा धडाधड. मग विचारलं, आता साधारण किती वाजले असतील? बाबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, हाफ पास्ट सिक्स. सकाळचे की संध्याकाळचे? तर म्हणतात, ऑफ कोर्स, सकाळचे. मंदार खाली बघायला लागला. बाहेर खिडकीत लख्ख ऊन होतं हो.

मंदारने ठरवलं की यांना पुण्याला ठेवायचं. त्याच्या आतेभावाने एक चांगली जागा बघितली होती, नर्स आहेत, बाग आहे, बोलायला मराठी माणसं आहेत. मी मध्ये पडले नाही, कारण मलाही भीती होती, दोघं बाहेर असताना हा माणूस गॅस चालू ठेवून झोपला तर काय? तिकीट काढलं. बाबांना सांगितलं तर ते भांडले नाहीत, रुसले नाहीत, आपले शर्ट घड्या करून बॅगेत भरायला लागले. फक्त एकच विचारलं. सई कुठे झोपणार? ती त्यांच्याच खोलीत झोपायची ना, गोष्ट ऐकत. मी म्हटलं, आमच्याजवळ. तर म्हणाले, बरं, पण दाराकडच्या बाजूला झोपव. म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी, म्हणून मी हो म्हटलं.

जायच्या आधीची गोष्ट, उजाडायला आलं होतं, आणि फोन ओरडले. इथल्या फोनवर भूकंपाच्या आधी येतं ते, जिशिन, जिशिन, म्हणजे भूकंप, भूकंप, ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. आम्ही धडपडत उठेपर्यंत घर हलायलाच लागलं, कपाटातली भांडी वाजतायत, मी सई सई करत बाहेर आले. आणि बघते तर काय, बाबा सईला पोटाशी घेऊन जेवणाच्या टेबलाखाली, तिच्या डोक्याला भूकंपात डोकं वाचवायला इथे मुलांना देतात ती जाड टोपी बांधलेली, पायांत बूट चढवलेले, आणि घराचं दार उघडं, फटीत चप्पल अडकवलेली, चौकट वाकून दार अडकून बसू नये म्हणून. बाबांच्या एका कानात रेडिओची वायर लोंबत होती, त्यातून कोणीतरी बोलत होतं. मी त्यांना दोन्ही कानांचे इयरफोन आणून दिले होते, तरी ते एकच घालायचे, मला वाटायचं दुसरा बिघडलाय.

हलायचं थांबलं. काही पडलं नाही, सई तर पुन्हा पेंगायला लागली. मंदार जमिनीवरच बसला आणि म्हणाला, बाबा, तुम्ही जागे होतात?

बाबा म्हणाले, मी रोजच जागा असतो रे.

मग सांगितलं त्यांनी. त्यांचं मूळ गाव पाटणच्या पलीकडे खोऱ्यात, कोयनेच्या भूकंपात घर बसलं, हे मला माहीत होतं, पण एवढंच माहीत होतं. तो पहाटे झाला, सगळे झोपेत. शकू म्हणून धाकटी बहीण, सईएवढीच, त्यांच्या शेजारी झोपलेली. वडिलांनी यांना ओढलं आणि तिला ओढायला जाईपर्यंत भिंत आली. बाबा म्हणाले, घरात एक तरी माणूस जागं पाहिजे, आणि नुसतं जागं राहवत नाही या वयात, डोळा लागतो. तिकडची माणसं रात्रभर बोलत असतात, त्यांची दुपार असते, झोपेचा सूर नसतो कोणाच्या आवाजात. मग मीही त्यांचीच दुपार धरली, एक कान त्यांच्याकडे, एक घराकडे. सई पाळणाघरात गेली की झोपायचं.

मंदार म्हणाला, अहो मग सांगायचं नाही का? डॉक्टरांना तरी सांगायचं.

बाबा म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्हाला झोप लागली असती का?

मी उठून चहा टाकला, दुसरं काय सुचणार. त्यांच्या घड्याळात रात्रीचे नऊ व्हायचे होते, तरी त्यांनी चहा घेतला. मंदारने तिकीट रद्द केलं आणि बॅगेतले शर्ट मी परत कपाटात लावले. त्यानंतर माझ्या घरात संध्याकाळी पाचला देवपूजा व्हायची आणि मी फुलं आणून ठेवायची. सातो-सानना मी माझ्या मोडक्या जपानीत सगळं सांगितलं, तर बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या दिवसापासून त्याही पहाटे बाबांना गुड नाइट म्हणायला लागल्या.

बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली. झोपेत गेले, म्हणजे दिवसा. मी सकाळी निघाले, समुद्राचं हवामान संपत आलं होतं, म्हणाले शुभरात्री वैशाली, मी म्हटलं शुभरात्री बाबा, आणि दुपारी शेतीच्या बातम्यांना ते उठले नाहीत. शेवटचा शब्द चुकला नाही आमचा, एवढं मात्र देवाने केलं.

सई आता मोठी झाली, मराठीत विचारलं तर जपानीत उत्तर देते, रात्री फोन उशाशी ठेवून खुशाल झोपते, देव करो आणि तिला अशीच झोप लागो. रेडिओ तीच लावते, कोणी सांगत नाही. आणि बाबांचं ते घड्याळ आहे ना, देवाजवळ ठेवलंय, त्याला चावी मी देते, ते अजून तिकडच्याच वेळेवर आहे, तिकडे घड्याळं बदलली की मीही काटा सरकवते. मंदार म्हणतो, आता कशाला? मी आपली चावी देत राहते. आम्ही दिवे घालवून झोपायला जातो तेव्हा त्यात दुपारचे दोन वाजलेले असतात. म्हणजे बाबा जागे आहेत, असं म्हणते आणि झोपते.