दंडाला लावायचं औषध

— अहो, हात नका लावू! दंडाला जेल लावलंय, वाळू दे जरा.

— जेल? ते तर केसांना लावतात ना?

— हे हार्मोनचं आहे. डॉक्टरीणबाईंनी दिलंय.

— डॉक्टर? मला न सांगता? अगं, झालंय काय तुला?

— घाबरू नका. पाळी गेली, त्याचं आहे सगळं. अंगातून वाफा निघणं, झोप उडणं, उगाचच रडू येणं.

— आणि मी समजत होतो, माझ्यामुळे.

— तुमच्यामुळे काय?

— हेच. चहाचा भुरका मारला तरी खेकसायचीस. मग हॉलमध्ये झोपा म्हणालीस. म्हटलं, हिला आपला कंटाळा आला.

— कंटाळा कसला? शेजारी भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. मला माझा गाऊनसुद्धा अंगावर नको व्हायचा!

— मग सांगायचं ना.

— मलाच कुठे कळत होतं? त्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवताना, शिकायला येणाऱ्या त्या शिंपीणबाईंना मला ‘ब्रेक’ म्हणायचं होतं, शब्दच सुचेना. “ते... ते दाबा!” मी म्हणाले. त्यांनी हॉर्न दाबला.

— अरे देवा! मग?

— माझ्या बाजूचा ब्रेक मीच दाबला. हसू नका, पुढे सायकलवाला होता. स्कूलच्या मालकांना म्हटलं, शिकवायला दुसरी बाई बघा. ते म्हणाले, आधी डॉक्टरकडे जा, मग बोलू. माझ्या बायकोचंही असंच झालं होतं.

— पण हार्मोन म्हणजे... तुझ्या मावशीला छातीत गाठ झाली होती ना?

— पहिलं तेच विचारलं मी. डॉक्टरीणबाईंनी छातीची तपासणी करून घेतली, रिपोर्ट पाहिले, मगच दिलं. थोडा धोका असतो, तेही लपवलं नाही. गर्भाशयाला अपाय नको म्हणून सोबत एक गोळी आहे. पुन्हा दाखवायला जायचंय.

— तेव्हा मी येणार. दारात बसवलंस तरी चालेल.

(दोन महिन्यांनी. तेच घर.)

— आज शिंपीणबाईंनी गाडी अख्खा घाट उतरवली. मी नुसती खिडकीबाहेर बघत बसले होते.

— आणि वाफा?

— येतात अधूनमधून. पण पूर्वीसारखं बेजार करत नाहीत.

— छान झालं. चल, मी पडतो सोफ्यावर.

— सोफ्यावर कशाला? पलंग काय भाड्याने दिलाय? पंखा मात्र जोरात राहील हं, सांगून ठेवते.

— राहू दे. मी स्वेटर घालून झोपेन.